आई पुढे, मी मागे

मंगळवार, ४ मार्च

काय घडलं ते आधी क्रमाने.

१. औषधाच्या दुकानासमोरचा बाक काल सकाळी उचलला. आदेश माझा.
२. नवा बाक थोडा वर, चढाच्या मध्यावर बसणार आहे. त्याचा चौथरा कालच ओतला. काँक्रीट अजून ओलं.
३. आज आई औषध आणायला खाली उतरली. औषध घेऊन नेहमीच्या जागी टेकायला गेली. बाक नव्हता.
४. ती फुटपाथच्या कडेला बसली. मग उठता येईना. उठायला गेली आणि कुशीवर पडली.
५. औषधवाला आणि त्याचं एक गिऱ्हाईक, दोघांनी मिळून उभी केली.
६. तिने दोघांना सांगितलं, "बाक माझ्या मुलीने नेला."
७. मला फोन औषधवाल्याने केला. आईने नाही.

जुना बाक चुकीचाच होता. बैठक फार खाली, हाताला टेकू नाही, पाठ नाही. त्यावरून उठताना म्हातारी माणसं पुढे-मागे झोके घेतात, पोहायला उडी मारायच्या आधी घेतात तसे. तो काढणं बरोबर होतं. आधी काढला, हे चूक. आराखड्यावर काढणं आणि बसवणं एकाच रेषेत दाखवलं होतं. काँक्रीटला आराखडा वाचता येत नाही.

मी घरी पोचले तेव्हा आई खुर्चीत ताठ बसली होती. म्हणाली, "या, इंजिनिअरबाई. आज काय काय उचललंत?"

बुधवार, ५ मार्च

मांडीवर मोठा निळा डाग. हाड शाबूत. डॉक्टर म्हणाले, नशीब. आई म्हणाली, "नशीब कसलं? पडायचं कसं ते मी शाळेत शिकवत होते."

संध्याकाळी दादाचा फोन. त्याला औषधवाल्याच्या बायकोकडून आधीच कळलेलं. परदेशात राहून, मी कळवायच्या आधी!

"हे बघ, घर माझ्या नावावर आहे म्हणून बोलतोय असं समजू नकोस." म्हणजे तसंच. "एक चांगली संस्था बघून ठेवली आहे. लिफ्ट आहे, नर्स आहे, वेळेवर जेवण. महिनाअखेरपर्यंत ती एकटी, कुठे न बसता, बाजारात जाऊन धड परत आली तर राहू दे तिकडे. नाहीतर मी येतो आणि करून टाकतो काय ते. तू यातली जाणकार. तूच बघ आणि कळव."

करून टाकतो! दाढ काढल्यासारखं.

फोन ठेवला तर आई दारात. सगळं ऐकलेलं.

"किती मुदत दिली?"

"महिनाअखेर."

"भरपूर झाली. तुला पोहायला आठवडाच दिला होता मी."

मी त्या आठवड्यात दोनदा नाकातोंडात पाणी जाऊन उलटी केली होती, हे ती विसरली असेल. किंवा नसेल.

शुक्रवार, ७ मार्च

नवे तीनही बाक बसले. एक बाजाराच्या तोंडाशी, एक चढाच्या मध्यावर, एक आमच्या इमारतीखाली. गुडघ्याच्या उंचीची बैठक, दोन्ही बाजूंना हात, पाठ थोडी कललेली. चढावर कठडा. फुटपाथ जिथे रस्त्याला उतरतो तिथे पायरीऐवजी उतार. सुंदर दिसत नाही. सुंदर दिसावं म्हणून केलंच नाही.

नगरपालिकेच्या कार्यालयात अजून कोणाला पटलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. बाक बसण्यासाठी नसतो. बाक चालण्यासाठी असतो. पुढे टेकायला जागा आहे हे माहीत असेल तरच म्हातारं माणूस दाराबाहेर पडतं. जागा नसेल तर ते भाजी वरून टोपली सोडून घेतं, मग औषध घरी मागवतं, मग खिडकीत बसतं. पाय जातात, पाठोपाठ बाकी सगळं. हा एक रस्ता जमला तर साहेब सगळ्या गावात हीच रचना करू देतील. नाही जमला तर हे तीन बाकही जातील.

जमलं की नाही हे निरीक्षणावरून ठरणार. पद्धत अशी. वयस्कर माणूस पुढे चालेल. मी कागद लावलेली पाटी घेऊन मागे. ते कुठे थांबलं, कुठे बसलं, कशाला धरलं ते लिहायचं. बोलायचं नाही. हात द्यायचा नाही. हात दिला की निरीक्षण बाद.

आईला विचारलं, तू चालशील का पहिली?

"हात द्यायचा नाही? मग तुला जमेल हे काम."

सोमवार, १० मार्च

आई पुढे, मी मागे.

पांढरे कॅनव्हासचे बूट बाहेर काढून घातले होते तिने. नाड्या आवळलेल्या. किल्ल्यांच्या जुडग्याला तिची शिट्टी अजून आहे. उतारावर खाली जाताना कठड्याला हात लावला नाही. बाजाराच्या तोंडाशी पहिला बाक. रिकामा. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. कांदे, बटाटे, दोन लिंबं. परत. चढ लागला. मध्यावरच्या बाकापाशी मी पेन टेकवून तयार. पुढे गेली! थोडं वर एका दुकानाच्या काचेसमोर उभी राहिली, बराच वेळ. लिहिलं: थांबा, कारण दुकान. ते दुकान बंद होतं. बंद दुकानात काय बघत होती कोण जाणे. मग निघाली, थेट दारापर्यंत.

दारात वळून म्हणाली, "मागून चालताना पाय आपटतेस. बदकासारखी. तेव्हाही तशीच."

तेव्हा म्हणजे शाळेत. ती खेळाची शिक्षिका, मी तिच्याच शाळेत. मैदानाच्या फेऱ्यांत मी शेवटची. बाकीच्या मुली दमून गवतात पसरलेल्या, आई रेषेवर शिट्टी तोंडात धरून उभी. मी पोचल्याशिवाय कोणी घरी जायचं नाही. सगळी शाळा माझ्यासाठी ताटकळत, माझ्याकडे बघत. "माझी मुलगी आहे म्हणून सूट नाही!" एकदा मी मधेच बसले. ती आली नाही. तिथूनच ओरडली, "बसलीस की संपलीस!"

आज तीच मैदानात होती आणि मी रेषेवर. शिट्टी तेवढी माझ्याकडे नव्हती. मजा आली. इथे लिहायला हरकत नाही.

बुधवार, १२ मार्च

आज शिंपीकाका. आमच्या खालच्या मजल्यावरचे. हात थरथरतात म्हणून शिवणकाम सुटलं. चालताना डावा पाय ओढतात. हे नक्की बसतील असं धरून चालले होते.

नाही बसले! मध्यावरच्या बाकापाशी वाकले आणि बुटाची नाडी बांधत राहिले. पायांत चपला होत्या.

"काका, बरं वाटतंय ना?" असं विचारायचं नसतं. विचारलं नाही.

वर पोचल्यावर ओठ पांढरे. हसून म्हणाले, "लिही पोरी, लिही. ठणठणीत आहे म्हणून लिही."

गुरुवार, १३ मार्च

अजून चौघं. कोणी बसलं नाही. एक आजी भिंतीवरची जाहिरात वाचत उभ्या राहिल्या. चष्मा घरी विसरल्या होत्या.

शुक्रवार, १४ मार्च

दादाला कळवलं: आई एकटी, न बसता, बाजारात जाऊन आली. मी स्वतः पाहिलं.

दादाचं उत्तर, उभा अंगठा. वहिनीचं जरा लांब: "छानच! मग राहू दे त्यांना. आम्हाला काय, त्यांच्याच काळजीने म्हणत होतो."

आईला वाचून दाखवलं. तिने भाजी चिरता चिरता मान हलवली. "तुझ्या दादाला म्हणावं, आता तू चालून दाखव."

मला हसू आलं. तिलाही. आम्ही दोघी एकाच वेळी हसलो, आणि मग दोघींनाही ते अवघड झालं. ती चिरत राहिली.

सोमवार, १७ मार्च

साहेबांसमोर निरीक्षणं ठेवली. त्यांनी पानं उलटली, परत उलटली.

"मॅडम, बाकावर कोण बसलं?"

"निरीक्षणात कोणीच नाही."

"तुमच्या स्वतःच्या मातोश्री. सत्तरी पार. गेल्या आणि आल्या. त्या बसल्या?"

"नाही."

"लंगडणारे गृहस्थ?"

"नाही."

"मग बाक कोणासाठी? माझ्यासाठी?" सगळे हसले. त्यांना हसवायची घाई असते. "कठडा ठेवा, उतार ठेवा. बाक काढा आणि तळ्याकाठच्या बागेत लावा, तिथे लोक तरी बसतात. गावच्या आराखड्यातूनही बाक वगळा. उगाच रिकामटेकड्यांचे अड्डे."

मी म्हणाले, बाक बसण्यासाठी नसतो, चालण्यासाठी—

"वा! हे भिंतीवर लिहून लावा."

परत हशा. माझीच निरीक्षणं, माझीच सही.

गुरुवार, २० मार्च

रजा घेतली. आईला सांगितलं नाही. चढाच्या मध्यावरच्या बाकासमोर, रस्त्याच्या पलीकडे, झेरॉक्सचं दुकान आहे. आत उभी राहिले. पाटी नाही, पेन नाही.

बाक भरलेला होता! शिंपीकाका, चष्मा विसरणाऱ्या आजी, आणि मधे माझी आई. पाय लांब केलेले, बुटांच्या नाड्या सैल, तोंड उघडं, डोळे मिटलेले. मी आईला तोंड उघडं टाकून कधी बघितलं नव्हतं. झोपेतसुद्धा ती ओठ मिटून झोपते.

खालून एक गृहस्थ काठी टेकत आले. आईने डोळे उघडले आणि शिट्टी मारली. रस्त्यावर, भर सकाळी, शिट्टी!

"चला, उठा! तुमचं झालं. त्यांना बसू द्या."

"अहो बाई, आत्ता तर टेकलो," शिंपीकाका म्हणाले.

"आत्ता म्हणजे काय? मघापासून माझी पिशवी तुमच्या मांडीवर आहे, ती गरम झाली."

आजी हसून हसून खोकायला लागल्या. काका उठले. बाकाच्या हातावर भार टाकून एका दमात उठले, झोका न घेता. मी तो हात आराखड्यात जेवढ्या उंचीवर काढला होता बरोबर तेवढ्यावर त्यांचा तळवा पडला. मी झेरॉक्सच्या यंत्रामागे उभी राहून हे बघितलं. चांगला बाक आहे. इतका चांगला बाक मी पुन्हा करेन असं वाटत नाही.

मग आई निघाली आणि आमच्या इमारतीखालच्या बाकावर पुन्हा बसली. तिथे एकटी होती. मांडी चोळत होती, ती निळ्या डागाची.

मी गेले नाही. हात द्यायचा नाही, ही सवय लागते.

शुक्रवार, २१ मार्च

जेवताना सांगितलं.

"काल मी समोर होते."

तिने घास खाली ठेवला नाही. "झेरॉक्सच्या दुकानात. बघितलं मी. लपायलाही येत नाही तुला."

"तू बाकांवर बसतेस."

"मग? बसायलाच लावलेत ना?"

"मी मागे होते तेव्हा का बसली नाहीस?"

"तू मागे होतीस म्हणून."

"आणि काका? आणि बाकीचे?"

"त्यांना मीच सांगितलं. म्हटलं, ही पाटीवर लिहिते कोण बसलं ते. मग मुलांना कळतं, मग घरं जातात. ती पाटी घेऊन निघाली की ताठ चाला, मेलात तरी चाला."

पाहिलं जातंय हे कळलं की माणूस बदलतं. आमच्या पुस्तकात हे पहिल्याच प्रकरणात आहे. परीक्षेत मला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी होते.

मी सांगितलं, "कोणी बसलं नाही म्हणून बाक काढतायत. हे तिन्ही. गावातलेही रद्द."

आता मात्र तिचा हात थांबला. म्हणाली, "तुला कळायला नको होतं? बंद दुकानासमोर उभी होते मी!"

"तू चांगली चाललीस असं वाटलं मला."

"असं वाटायला तू मूर्ख आहेस का लहान आहेस?"

मी ताट उचललं. नळ सोडला, म्हणजे पुढचं ऐकू येऊ नये. तरी आलं. "सत्तावीस वर्षं मैदानावर मुली पळवल्या मी. कोण दमलंय ते पाठीवरून कळायचं मला. ही मागून बघते आणि लिहिते — दुकान!"

सोमवार, २४ मार्च

बाक उचलले. आदेशावर पुन्हा माझी सही लागली, कारण बसवले मी होते. मजुरांनी बाकांच्या हातांना दोर बांधून ट्रकवर चढवले. चौथरे तेवढे राहिले. चौथऱ्यातून बोल्ट वर आलेत. त्यावर कोणी बसू शकणार नाही.

शिंपीकाका दारात उभे होते. "कुठे चालले ग?"

"तळ्यावर."

"तळ्यावर कसा जाणार मी?" खरंच विचारत होते. मी सांगेन असं वाटलं त्यांना.

बुधवार, २६ मार्च

आईने आज बूट घातले नाहीत. सकाळी म्हणाली, "दूध तूच आण येताना."

हे वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. आणलं.

गुरुवार, २७ मार्च

हिशेब सरळ आहे. मी निरीक्षण दुरुस्त केलं, म्हणजे ही माणसं बसल्याशिवाय चढ चढू शकत नाहीत असं लिहिलं, तर बाक परत येण्याची शक्यता आहे. पण मग आई नापास. औषधवाल्याच्या बायकोकडून दादाला दुसऱ्या दिवशी कळेल आणि तो येऊन 'करून टाकेल'. दुरुस्त नाही केलं तर घर राहतं. बाक नाहीत. मग आई याच घरात खिडकीत बसेल आणि पाय जातील. नर्सशिवाय, लिफ्टशिवाय.

हे तिच्यासमोर मांडलं. दोन बाजू, स्पष्ट. आवाज चढवला नाही.

ती म्हणाली, "छान मांडलंस. चित्रपण काढायचंस."

"तुझ्या घराचा प्रश्न आहे. तू सांग काय करू."

"मी सांगू? म्हणजे उद्या म्हणायला बरं, आईनेच सांगितलं. नाही ग बाई. पाटी तुझी, सही तुझी."

"आई, मी तुझं घर वाचवतेय."

"तू गप्प बसतेयस. त्याला वाचवणं म्हणतात का तुमच्यात?" मग म्हणाली, "शाळेत मधेच बसायचीस ना, तसं तोंड झालंय तुझं."

मी म्हणाले, त्या संस्थेत निदान कोणाला शिट्टी मारायला मिळेल तुला.

वाईट बोलले. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. दिसावं म्हणूनच बोलले होते.

शुक्रवार, २८ मार्च

दुरुस्ती लिहिली. पाठवली नाही.

शनिवार, २९ मार्च

शिंपीकाकांनी खिडकीतून टोपली सोडली. दोर आखूड पडला. खाली भाजीवाला हात उंच करून उभा, वर काका वाकलेले, मधे टोपली गरगर फिरतेय. आई आमच्या खिडकीतून बघत होती. मला वाटलं काहीतरी टोचून बोलेल. ती आत जाऊन बूट पुसत बसली. पांढरं पॉलिश लावून, नाड्या काढून धुऊन.

मी विचारलं, कुठे जायचंय?

"तुला काय करायचंय? मागून यायचंय?"

सोमवार, ३१ मार्च

दुपारी टेबलावर एक अर्ज. आवकचा शिक्का मारलेला. आवकच्या कारकुनाने सांगितलं, "एक आजी देऊन गेल्या. पांढरे बूट. घामाने निथळत होत्या. बसा म्हटलं, पाणी दिलं. पाणी घेतलं. बसल्या नाहीत." साहेबांच्या टेबलावर दुसरी प्रत गेली आहे. उतरवून घेते.

"प्रति, रचना अभियंता यांस. मी चढावरच्या इमारतीत राहते. वय एकाहत्तर. दहा मार्चला आपण माझ्यामागून चाललात आणि मी बसले नाही असे लिहिलेत. मी बसले नाही कारण आपण मागे होतात. बसल्याशिवाय मला बाजारातून घरी येता येत नाही. शेजाऱ्यांनाही मीच बसू दिले नाही, त्यांचा दोष नाही. बाक पूर्वीच्या जागी लावावेत आणि गावातही लावावेत. या वेळी आधी लावा, मग दुसरे काय ते काढा. अर्जाची एक प्रत माझ्या मुलाला पाठवली आहे. घराचे काय करायचे ते तो ठरवील. बाकांचे काय केलेत ते मला शुक्रवार, चार एप्रिलपर्यंत लेखी कळवावे."